फाइल बंद झाली की…

उतारावरून एक वॉकर एकटाच खाली येत होता.

वॉकर म्हणजे म्हाताऱ्या माणसांची ती आधाराची चौकट— चार चाकं, दोन मुठी. मुठी धरणारं माणूस मात्र कुठेच दिसत नव्हतं. पावसाची भुरभुर चालू होती, इमारतीच्या दारापासून रस्त्यापर्यंतची उतरती फरशी ओली झाली होती आणि वॉकर खडखडत सरळ खाली उभ्या असलेल्या एका तरुणीच्याच अंगावर येत होता. बाजूला व्हायचं सोडून ती जेवणाचा डबा छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली. वॉकरनं वेग धरला, खट्ट असा आवाज झाला, आणि तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर तो गपकन थांबला.

मागून एक जण धापा टाकत आला. शर्टाच्या बाहीवर ग्रीसचे डाग, केसांवर पावसाचे थेंब.

"घाबरलात?"

"मी? छे!" डबा अजून छातीशीच होता. "पाय मोडला असता माझा."

"नसता मोडला."

"एवढी खात्री?"

"खात्री आहे म्हणून तर वर चाललोय. तिसऱ्या मजल्यावर पेटंटवाले बसतात म्हणे. त्यांना दाखवायचंय. जाता जाता म्हटलं, एकदा उतारावर बघावं…"

तिनं कपाळावर हात मारला. अंगातला रेनकोट काढला आणि वॉकरवर टाकून मुठींपासून चाकांपर्यंत त्याला गुंडाळूनच टाकलं.

"अहो, अहो— भिजताय तुम्ही!"

"मी भिजले तर वाळेन. हे कुणी नीट पाहिलं तर तुमचं संपलं. पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं, आणि जे चारचौघांनी आधीच पाहिलंय ते नवं राहत नाही. अर्ज करायच्या आधी असं रस्त्यात पळवतात का?"

"मग तुम्ही पाहिलंत त्याचं काय?"

"माझं चालतं. मी त्या तिसऱ्या मजल्यावरचीच आहे. आमच्या तोंडाला कुलूप असतं."

"तोंडाला," तो हसून म्हणाला. "डोळ्यांना नसतं वाटतं?"

ती वळून चालू लागली. पण जिना चढताना ओल्या केसांतून मानेवर पाणी ओघळत होतं, आणि तरी तिला उगाचच ऊब वाटत होती.

त्या ऑफिसात तिला 'भिंग' म्हणत. कुणी काही नवीन शोधून काढलं म्हणून आला की जगात ते आधी कुणी केलंय का, हे शोधायचं तिचं काम. देशोदेशीचे जुने पेटंटचे कागद ती डोळ्यांत तेल घालून वाचायची. एखादा स्क्रू वेगळा असला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही. अलीकडे ऑफिसनं या कामासाठी एक कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. शोध काय आहे ते साध्या भाषेत सांगा, घटकाभरात ते लाखो कागद चाळून जुळणारे काढून देई, वर अर्जाचा मसुदाही लिहून देई. ऑफिसनं त्याचं नाव 'दीडशहाणा' ठेवलं होतं. ते वावगं नव्हतं. कारण तो चुकायचा तेव्हाही इतक्या आत्मविश्वासानं चुकायचा की समोरच्याला स्वतःचीच शंका यावी. म्हणून त्याच्या पडद्याशेजारच्या भिंतीवर तिनंच स्वतःच्या हातानं लिहून एक चिठ्ठी चिकटवली होती: 'दीडशहाण्यानं सांगितलेला प्रत्येक कागद स्वतः उघडून वाचावा. मगच खूण करावी.'

कागद वाचला की त्याच्यापुढे 'तपासले' अशी खूण करायची. तिची खूण दिसली की ऑफिसच्या मालकीणबाई, म्हणजे मोठ्या मॅडम, डोळे मिटून सही करत.

वॉकरवाला मेकॅनिक होता. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या शेडमध्ये खाटा, चाकाच्या खुर्च्या असलं सगळं दुरुस्त करायचा. त्याचे वडील घरासमोरच्या उतारावर वॉकरसकट पडले होते, तेव्हापासून बापलेक या ब्रेकच्या मागे लागले होते. हाताच्या ताकदीची गरजच नाही. वॉकरनं चालीपेक्षा जास्त वेग धरला की आतली एक छोटी पाचर आपोआप सरकते आणि चाकं आवळते.

"आता दीडशहाण्याचा मसुदा ऐका," ती एका दुपारी त्याला म्हणाली आणि पडद्यावरचं वाचू लागली. "'सदर चलनसहाय्यक चौकटीच्या परिभ्रमणशील घटकांची गती पूर्वनिर्धारित मर्यादेपलीकडे गेल्यास—'"

"बाप रे. हा माझाच वॉकर का?"

"तुमचाच. तुम्ही कसं सांगाल?"

"पळायला लागला की पकडतो."

ती खळखळून हसली. "बघा, एवढंच! याला तीन ओळी लागल्या."

"तुम्हीही एखाद्याला असंच… पळायला लागला की पकडता का?"

"अशील पळाला तर पकडत नाही. फी आधीच घेतलेली असते."

"आणि अशील नसला तर?"

ती पडद्याकडे बघत राहिली. बोटं कळफलकावर होती, पण टाइप काही होत नव्हतं. ऑफिसचा एक कडक नियम होता आणि तो मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या कानात घातलेला असे: फाइल उघडी असेपर्यंत अशील हा अशीलच. त्याच्याशी चहापलीकडे संबंध ठेवायचा नाही. पूर्वी कधीतरी यावरून ऑफिसचं नाक कापलं गेलं होतं म्हणे.

"नियम आहे," ती हळूच म्हणाली.

"कळलं. मग फाइल बंद झाली की… मला एक विचारायचंय."

"काय?"

"फाइल बंद झाली की!" तो उठला आणि दारात वळून पुन्हा तिच्याकडे बघून गेला. त्या दिवशी घरी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. वहिनीनं एक घास खाल्ला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं प्रेमात पडल्यात किंवा आपल्यावर चिडल्यात. दोन्हीत जेवण खारटच होतं."

अर्जावर शोध लावणाऱ्याचं नाव खरं द्यावं लागतं. म्हणून पाचरीची कल्पना मुळात कुणाची हे विचारायला ती त्याच्या घरी गेली. खिडकीपाशी वडील बसले होते. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, बोटं जाड आणि नखं काळवंडलेली.

"पाचर बाबांची," तो म्हणाला. "मी नुसतं घासून कानसून बसवली."

"माझं कसलं नाव घालताय," फिटरकाका म्हणाले. "माझं नाव आजवर पगारपत्रकावर आलं तेवढंच. तेही दोनदा चुकवलं होतं." मग थोड्या वेळानं, आपण सहज विचारतोय असं दाखवत म्हणाले, "छापून येतं का हो ते? नाव?"

"येतं की. पहिल्याच पानावर. जगात कुणीही कुठूनही बघू शकतं."

"आमचे साहेबसुद्धा?"

"ते तर बघतीलच, काका."

ती निघाली तेव्हा फिटरकाका वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेवर सही गिरवत होते. मुलानं चिडवलं तर म्हणाले, "पहिल्या पानावर जायची आहे. वेडीवाकडी नको." तिला त्यांचा इतका लळा लागला की त्या फाइलीवर ती आता आपल्या घरचं काम असल्यासारखी बसू लागली.

आणि इथेच घोटाळा होता. सगळे जुने कागद वाचून झाले होते, ब्रेक नवा दिसत होता, आणि त्याचा तिला आनंदच व्हायला हवा होता. झालाही. पण नवा निघाला म्हणजे अर्ज, मग सरकारी आक्षेप, मग उत्तरं, पुन्हा आक्षेप… फाइल काही वर्षं उघडीच राहणार. तोवर तो अशील आणि ती पेटंटवाली, मध्ये टेबल. फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या असं मोठ्या मॅडमना सांगता आलं असतं. पण मग कारणही सांगावं लागलं असतं, आणि ज्या माणसानं अजून तिला काही विचारलंच नाही त्याच्या नावानं काय सांगायचं? शिवाय फिटरकाकांची फाइल परक्या हातात द्यायला मन घेत नव्हतं. वर वर ही सगळी कारणं खरी होती. आत खोलवर तिला फक्त एवढंच हवं होतं— त्यानं विचारावं. लवकर विचारावं.

त्या संध्याकाळी तिनं शेवटची म्हणून शोधाची एक फेरी चालवली. दीडशहाण्यानं एक कागद पुढे केला. परदेशी, परक्या भाषेतला, बराच जुना. खाली त्याचा सारांश होता: वृद्धांच्या चौकटीसाठी वेगानुसार आपोआप आवळणारा पाचरीचा ब्रेक. सर्व घटक जुळतात. पेटंटची मुदत संपलेली.

फिटरकाकांची वर्तमानपत्रावरची सही डोळ्यांपुढे आली. आणि त्याच्या पाठोपाठ, तिला स्वतःचीच लाज वाटावी इतक्या चटकन, दुसरा विचार आला: म्हणजे फाइल आजच बंद.

तिनं कागद उघडायला घेतला. जुनी, स्कॅन केलेली पानं; ती उघडेपर्यंत पडद्यावर नुसतं चाक गरगर फिरत राहिलं. फोन वाजला.

"खाली उभा आहे. पाऊस थांबलाय. फाइलीचं काही?"

"एक मिनिट…"

"फाइलीची घाई नाही हो. मला… बाकीचीच घाई आहे."

चाक फिरतच होतं. भिंतीवरची चिठ्ठी समोर होती, तिच्याच अक्षरातली. एवढा नेमका सारांश आहे, सगळे घटक जुळतात म्हणतोय, आणखी काय बघायचं? तिनं पडद्यावरची ती खिडकी मिटली. 'तपासले'वर खूण केली.

खाली उतारापाशी तो उभा होता. तिनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, ओल्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबांना वाईट वाटेल."

"मला पण वाटतंय."

"हं… म्हणजे फाइल—"

"बंद."

तो हळूहळू हसला. डोळ्यांत पाणी होतं तरी हसला. "मग विचारू?"

"विचारा की! किती दिवस ताटकळत ठेवलंय—"

"माझ्याशी लग्न कराल?"

"एकदम लग्न? मला वाटलं सिनेमाला विचाराल."

"सिनेमा अशिलालाही चालला असता."

"नाही चालला असता," ती म्हणाली आणि त्याच्या ग्रीसच्या बाहीला धरून उभी राहिली. "हो. करेन. सिनेमापण बघेन."

पुढचे दिवस असे गेले की सांगणाऱ्यालाही हेवा वाटावा. 'तुम्ही'चं 'तू' झालं. वहिनीनं हसून हसून पोट धरलं आणि मिठाची बरणी तिच्यापासून दूर ठेवली. तो तिला रोज न्यायला यायचा, आणि दीडशहाण्यानं दिलेला त्या कागदाचा नंबर तर त्यानं चक्क पाठ केला होता. फोनचं कुलूपही त्याच नंबरानं उघडायचं. "आपलं लग्न या नंबरानं जमवलंय," तो सगळ्यांना सांगायचा.

फिटरकाकांनी मात्र बातमी ऐकून एवढंच विचारलं होतं, "म्हणजे आपल्याआधी कुणीतरी केलंय?"

"हो, बाबा."

"बरोबर आहे. मला सुचतंय म्हणजे जगात आणखी कुणाला सुचलेलं असणारच." मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. वर्तमानपत्रावर पुन्हा त्यांनी काही लिहिलं नाही. सून येणार म्हणून खूश होते, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, पण पाचरीचा विषय निघाला की म्हणायचे, "ते सोड. उष्टं होतं ते." थंडीत त्यांना छातीचा त्रास झाला आणि चार दिवसांत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मेकॅनिक तिला म्हणाला, "पेटंट नाही तर नाही. पण ब्रेक कसा बनवायचा ते लोकांना दाखवून टाकू का? कुणाचा बाप पडायचा वाचेल."

"दाखव," तीच म्हणाली. "आता लपवायचं काय कारण?"

त्यानं पाचर उघडून, सगळं नीट समजावून व्हिडिओ टाकला. तो लाखो लोकांनी पाहिला. वर्ष सरायच्या आत एका बड्या कंपनीचे तसलेच वॉकर दुकानांत आले, चकचकीत, मुठीवर कंपनीचं नाव. त्याला राग आला नाही. "माझं नव्हतंच ना ते," तो म्हणाला.

लग्नाच्या नोंदणीला आठवडा राहिला होता. दुपारी तो ऑफिसात आला, पाठीमागे काहीतरी लपवून.

"डोळे मीट."

"ऑफिसात?"

"मीट गं. आता कोण अशील आहे?" तिनं मिटले. त्यानं हातात एक फ्रेम दिली. "नव्या घराच्या भिंतीसाठी. आपलं लग्न जमवणाऱ्या कागदाचं पहिलं पान. मागवलं मी मुद्दाम. पण एक गंमत झाली बघ, मी बहुतेक नंबर चुकवला. डोळे उघड—"

तिनं डोळे उघडले. काचेखाली जुनं, पिवळट पान होतं. वर नंबर. खाली चित्र: एक पसरट भांडं, त्यावर झाकण, आणि भोवती पाणी पिणाऱ्या तीन कोंबड्या.

"कोंबड्यांना पाणी पाजायचं भांडं!" तो हसत होता. "आता हे लावायचं का हॉलमध्ये? कुठला आकडा चुकला सांग, बदलून आणतो."

तिनं नंबर वाचला. पुन्हा वाचला. तिला तो पाठ होता, त्याच्याइतकाच. एकही आकडा चुकलेला नव्हता.

"अगं, बोल की. एवढी का पांढरी पडलीस?"

ती वळून दीडशहाण्यापुढे बसली. नंबर घातला. चाक गरगर फिरलं, बराच वेळ फिरलं, आणि मग पानं उघडली. भांडं. झाकण. कोंबड्या. शेवटच्या पानापर्यंत कुठे चाक नाही, ब्रेक नाही, पाचर नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर करून दीडशहाण्यानं ते भलत्याच नंबराखाली, मोठ्या आत्मविश्वासानं लिहून दिलं होतं.

तो तिच्या खांद्यामागून बघत होता. हसू हळूहळू मावळलं.

"नंबर बरोबर आहे?"

"हो."

"म्हणजे… आपल्याआधी कुणी केलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"आता करता येईल अर्ज?"

तिनं नकारार्थी मान हलवली. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. चारचौघांनी पाहिलेलं नवं राहत नाही, हे पहिल्याच दिवशी, भर पावसात, तिनंच शिकवलं होतं.

"मशीन चुकलं," तो म्हणाला. तिला वाट काढून दिल्यासारखं म्हणाला. "मशीन चुकतं. तू काय करणार?"

हो म्हणायचं, की संपलं. तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या चिठ्ठीवर गेली. ती कितीदा त्याच्या डोळ्यांसमोर असायची, आज त्यानं वाचली.

"तू उघडून पाहिला होतास ना कागद?"

"नाही."

"उघडत नव्हता?"

"उघडत होता. वेळ लागत होता."

"मग?"

"तू खाली उभा होतास." आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मला फाइल बंद व्हायला हवी होती. तू विचारणार होतास ना… मला ते ऐकायचं होतं. एक मिनिटसुद्धा थांबवेना मला."

इतकं प्रेम त्याच्यावर कुणी केलं नव्हतं आणि तसं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. ते त्याला कळलं, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं हात पुढे केला, तिच्या गालापर्यंत नेला, आणि मग तो तिथेच थांबला.

"मी विचारलंच असतं गं," तो म्हणाला. "फाइल दहा वर्षं उघडी असती तरी विचारलं असतं. पण बाबा… ते 'उष्टं' म्हणून गेले."

"मला माहितीये."

"भिंतीकडे तोंड करून झोपायचे."

"माहितीये रे…"

"मला तुझा राग येत नाहीये. तेच कळत नाहीये मला. राग आला असता तर बरं झालं असतं, चार दिवस भांडलो असतो." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पण रोज सकाळी तुला बघितलं की मला त्यांची सही आठवेल. आणि तुलाही आठवेल. कसा करायचा संसार?"

तो फ्रेम टेबलावर ठेवून दारापर्यंत गेला. तिथे तो नेहमी वळून बघायचा. आजही वळला.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं तिचा धीर सुटला. मोठ्या मॅडम काय झालं विचारायला बाहेर आल्या तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडत होती. त्यांना तिनं सगळं सांगितलं, आणि त्याच दिवशी स्वतःहून राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला.

सामान पिशवीत भरून ती इमारतीबाहेर आली. पावसाची भुरभुर होती. उतारावर एक आजोबा वॉकर धरून उतरत होते. मध्येच छत्री सावरायला त्यांनी हात सोडले, वॉकर सुटला, घरंगळला, वेग धरला— खट्ट. तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबला. मुठीवर कंपनीचं नाव चमकत होतं.

"बघितलंत?" आजोबा कौतुकानं म्हणाले. "कसा उभा राहिला! काय डोकं असेल हो ज्यानं काढलं त्याचं. कोण असेल?"

"एक फिटर होते," ती म्हणाली. नाव तोंडापर्यंत आलं होतं. पण ते कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि तिच्या सांगण्यावर आता कुणी का विश्वास ठेवावा? तिनं वॉकर वळवून आजोबांच्या हातात दिला आणि भिजत पुढे चालू लागली.